पार्किन्सन्समध्ये विचार मंदावतो, तेव्हा रक्त काय सांगू शकतं?

आमच्या सोसायटीचे खजिनदार म्हणून ह्यांनी २२ वर्षं काम पाहिलं. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी, २४ बिऱ्हाडांची इमारत. मेंटेनन्सच्या पावत्या, पाण्याच्या टँकरची बिलं, पंपाची दुरुस्ती, सगळं एका लाल कापडी बांधणीच्या वहीत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत हे पावत्या घेऊन टेबलाशी बसले आणि दीड तास जागचे हललेच नाहीत. मी डोकावले तर समोर पावत्यांचे चार गठ्ठे, हातात पेन, आणि चेहरा रस्ता चुकलेल्या माणसासारखा. "कोणाचे पैसे यायचेत ते आठवत नाहीये का?" मी विचारलं. त्यावर २४ बिऱ्हाडांची नावं आणि कोणाकडे किती थकलेत ते त्यांनी घडाघडा सांगितलं. आठवत सगळं होतं. आधी काय करायचं आणि मग काय, हा क्रम मात्र हातातून निसटत होता.

पार्किन्सन्सचं निदान होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. हाताचा कंप, आखडलेलं अंग, बारीक होत गेलेलं अक्षर, उंबऱ्यापाशी अडकणारी पावलं, हे सगळं आम्ही दोघांनी अंगवळणी पाडून घेतलं होतं. हे नवीन होतं, आणि खरं सांगायचं तर कंपापेक्षा याचीच मला जास्त भीती वाटली.

मुलगा बंगळुरूला असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: "आई, रक्ताच्या एका तपासणीवरून पार्किन्सन्समध्ये पुढे डिमेन्शिया होणार का ते कळतं म्हणे. बाबांची करूया का?" डिमेन्शिया म्हणजे रोजची कामं अडावीत इतकी बुद्धी घसरणं. मी ३५ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्ताच्या नळ्या हाताळण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे त्याला एका ओळीत हो किंवा नाही सांगणं मला जमेना. पुढचे काही महिने मी वाचलं, आमच्या न्यूरॉलॉजिस्टना प्रश्न विचारले, लॅबमधल्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

विसरणं वेगळं, क्रम सुटणं वेगळं

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला. अवघ्या सहा माणसांच्या निरीक्षणावर तो आधारलेला होता, आणि त्यांतली काही तर त्यांनी रस्त्यावर येता-जाता पाहिलेली. त्या निबंधात त्यांनी लिहिलं की या आजारात इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात. हा समज पुढे फार काळ टिकला. आजही अनेक घरांत "पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं" एवढंच माहीत असतं आणि बुद्धीतला बदल दिसला की "वय झालं" म्हणून तो सोडून दिला जातो.

मेंदूच्या बुंध्यात काळसर रंगाचा एक छोटा पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामीन तयार करतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात, म्हणून हालचाल मंदावते. या पेशींच्या आत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गाठी सापडतात. त्यांना लेवी बॉडी म्हणतात. या गाठी त्या एका पट्ट्यापुरत्या राहत नाहीत. वर्षं जातात तशा त्या मेंदूच्या वरच्या थरांतही दिसू लागतात. लक्ष एकाग्र ठेवणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचाही तुटवडा होतो. शिवाय बऱ्याच ज्येष्ठ रुग्णांच्या मेंदूत लेवी बॉडीच्या सोबतीला अल्झायमरचे अमायलॉइड आणि टाऊ हे घटकही असतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसानही. म्हणजे "पार्किन्सन्समधली बुद्धीची घसरण" या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण रक्ताच्या तपासण्यांचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

अल्झायमरमध्ये सहसा आधी नवीन आठवणी पुसल्या जातात. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही आणि आठवण करून दिली तरी ते परत येत नाही. पार्किन्सन्समध्ये सुरुवातीला पुष्कळदा वेगळं दिसतं. विचाराचा वेग कमी होतो, दोन कामं एकदम सांभाळता येत नाहीत, कामाचे टप्पे लावता येत नाहीत, अंतराचा आणि जागेचा अंदाज चुकतो. आठवण मात्र थोडा धागा दिला की सापडते. आमच्या टेबलावरच्या पावत्या म्हणजे याचंच उदाहरण होतं.

किती जणांना पुढे डिमेन्शिया होतो? इथे एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये असं माझं मत आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉक्टरांनी १३६ नव्या रुग्णांना तब्बल २० वर्षं पाहिलं. २००८ मध्ये त्यांनी लिहिलं की जे हयात होते त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना डिमेन्शिया झाला होता. हा आकडा इंटरनेटवर सगळीकडे फिरतो आणि माणसं हादरतात. पण तोवर मूळच्या १३६ पैकी १०० जणांचं निधन झालं होतं, म्हणजे ते ८३ टक्के अगदी थोड्या, वयस्कर माणसांतले होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या परिसरातले नवे रुग्ण घेऊन झालेल्या अभ्यासात १० वर्षांनी हा आकडा ४६ टक्के निघाला. आणि एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला, त्यात १० वर्षांनंतरची शक्यता मोजण्याच्या पद्धतीनुसार ९ ते १५ टक्के होती. आजार तोच, मग एवढी तफावत का? कारण माणसं वेगळी होती. तिसऱ्या गटात स्वतःहून संशोधनात नाव नोंदवणारे, बहुतेक शिकलेले, तुलनेने तरुण आणि धडधाकट रुग्ण होते. केंब्रिजच्या गटात त्या भागात ज्यांना निदान झालं ते सगळ्या वयाचे, सगळ्या परिस्थितीतले लोक होते. आपला माणूस यातल्या कुठल्या गटासारखा आहे हे पाहिल्याशिवाय कुठलाच आकडा त्याला लावू नये.

राबिट आणि मंगलोरी कौलं

आता रक्ताकडे येते.

नौपाड्यात सध्या दर दोन गल्ल्यांआड एक जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाते आहे. तुम्ही राम मारुती रोडवर उभे राहिलात आणि राबिटने, म्हणजे पाडकामाच्या ढिगाऱ्याने, भरलेला डंपर गेला, तर तुम्हाला काय कळतं? जवळपास कुठेतरी पाडकाम चालू आहे, एवढंच. कुठली इमारत, का पाडतायत, पुढे काय होणार, हे डंपरवरून कळत नाही. एका दिवसात दहा डंपर गेले तर पाडकाम मोठं आहे किंवा वेगात आहे, इतका अंदाज बांधता येतो.

न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे प्रथिन म्हणजे मेंदूचं राबिट. लॅबच्या भाषेत एनएफएल. मज्जापेशीला एक लांब तंतू असतो आणि त्याला आतून आधार देणारा एक सांगाडा असतो. एनएफएल हा त्या सांगाड्याचा भाग. तंतू तुटला की तो सुटून मेंदूभोवतीच्या पाण्यात येतो, आणि तिथून अगदी थोडा रक्तात. पार्किन्सन्सच्या अनेक अभ्यासांत असं दिसलं आहे की सुरुवातीला ज्यांच्या रक्तात एनएफएल जास्त होतं, त्यांची बुद्धी आणि चाल पुढच्या वर्षांत सरासरीने जास्त वेगाने घसरली. माझ्या मुलाने वाचलं ते बहुधा असंच काहीतरी असणार.

मोजायला हे किती अवघड आहे ते सांगायचा मोह मला आवरत नाही. उपाशीपोटी साखर १०० आली म्हणजे एक मिलिलिटर रक्तात एक मिलिग्रॅम साखर. उतारवयात तेवढ्याच रक्तात एनएफएल साधारण २० पिकोग्रॅम धरलं (एक पिकोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा अब्जावा भाग), तर ते साखरेच्या पाच कोटी पट कमी झालं. बी-१२ सुद्धा आपण पिकोग्रॅममध्येच मोजतो, पण तिथे आकडा शेकड्यांत असतो आणि तो रेणू रक्तातच वावरणारा असतो. एनएफएल आधी फक्त पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात नीट मोजता यायचं. एकेक रेणू वेगळा पकडून मोजणारी यंत्रं आली, तेव्हा कुठे जांभळ्या टोपणाच्या साध्या नळीतलं रक्त त्यासाठी पुरेसं ठरलं. माझ्यासारखीला हे थरारून टाकणारं आहे.

पण राबिट ते राबिटच. एनएफएल वयानुसार आपोआप वाढतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर ते रक्तात साठून आकडा चढतो. वजन जास्त असेल तर रक्ताचं एकूण प्रमाण जास्त, म्हणून आकडा पातळ होऊन खाली दिसतो. मधुमेहाने पायाच्या नसा खराब झाल्या असतील, पक्षाघात होऊन गेला असेल, पडून डोक्याला मार बसला असेल, तरी ते वाढतं. पार्किन्सन्सची माणसं पडतातच. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये डोकं आपटलं असेल आणि आज एनएफएल वाढलेलं आलं, तर ते कशाचं समजायचं?

एका ठिकाणी मात्र हे राबिट आजही खरंच मदतीचं आहे. पार्किन्सन्ससारखे दिसणारे पण जास्त वेगाने वाढणारे काही आजार आहेत, एमएसए आणि पीएसपी या नावांचे. त्यांत एनएफएल पार्किन्सन्सपेक्षा बरंच जास्त असतं. निदानाबद्दल डॉक्टरांना शंका असेल, तिथे या आकड्याचा उपयोग होऊ शकतो.

आता समजा त्या डंपरमध्ये तुम्हाला मंगलोरी कौलांचे तुकडे दिसले. मग मात्र तुम्ही नक्की म्हणाल, कुठलंतरी जुनं कौलारू घर पाडलं. पी-टाऊ २१७ हे प्रथिन असं कौल आहे. ते अल्झायमरच्या प्रक्रियेची खूण आहे. त्याच्या जोडीने अमायलॉइडही मोजतात. अमायलॉइडचा एक चिकट प्रकार मेंदूत साचून राहिला की रक्तात त्याचं प्रमाण घटतं. म्हणजे एक गोष्ट चढते, दुसरी उतरते, आणि दोन्हींचं गुणोत्तर काढलं की चित्र जास्त स्वच्छ होतं. मे २०२५ मध्ये औषधं आणि तपासण्यांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने अशाच गुणोत्तरावर आधारलेल्या पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. पण ती आहे अल्झायमरसाठी: वय ५५ किंवा जास्त, विसराळूपणाची लक्षणं असलेली व्यक्ती, आणि तज्ज्ञाकडे चालू असलेला तपास. त्या तपासणीतही हो आणि नाही यांच्या मधला, "सांगता येत नाही" असा एक निकाल असतो. पार्किन्सन्सच्या माणसात पी-टाऊ २१७ वाढलेलं आलं, तर लेवी बॉडीच्या जोडीला अल्झायमरची प्रक्रियाही असावी असा संशय घेता येतो, आणि अशी जोड असली की घसरण लवकर होण्याकडे कल असतो. ते नॉर्मल आलं म्हणून बुद्धी शाबूत राहील असं मात्र नाही, कारण पार्किन्सन्समधला डिमेन्शिया केवळ लेवी बॉडीमुळेही होतो.

जीएफएपी नावाचं तिसरं एक प्रथिन आहे. ते मज्जापेशींची देखभाल करणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींतून येतं, आणि त्या पेशी त्रस्त झाल्या की वाढतं. त्याच्याबद्दल इतकंच.

मग थेट अल्फा-सिन्युक्लिनच का मोजत नाहीत?

हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. मूळ दोषी जर हे प्रथिन, तर तेच मोजा की. उत्तर वाचलं आणि लॅबमधले दिवस आठवले. रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त अल्फा-सिन्युक्लिन लाल पेशींमध्ये असतं आणि त्याचा मेंदूशी काही संबंध नसतो. रक्त काढताना सिरिंज जोरात ओढली, नळी जोरजोरात हलवली किंवा सॅम्पल उन्हातून आणलं की लाल पेशी फुटतात आणि वरचं पिवळसर पाणी गुलाबी दिसायला लागतं. "सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत घ्या" असं मी कित्येक हजार वेळा म्हटलं असेन. पोटॅशियमच्या बाबतीत हे जितकं महत्त्वाचं, त्याहून इथे कितीतरी जास्त. डोळ्यांना न दिसण्याइतक्या लाल पेशी फुटल्या तरी मेंदूतून आलेला कणभर अंश त्या पुरात वाहून जातो.

म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. किती आहे ते मोजायचं सोडून ते कसं वागतं ते पाहायचं. विरजणाचं उदाहरण घ्या. दुधात चमचाभर दही टाकलं की रात्रीत सगळ्या दुधाचं दही होतं. चुकीच्या घडीचं अल्फा-सिन्युक्लिन असंच वागतं. चांगल्या प्रथिनाला ते आपल्यासारखं करून टाकतं. प्रयोगशाळेत चांगल्या प्रथिनाच्या "दुधात" रुग्णाच्या मणक्यातलं पाणी थोडंसं घालायचं आणि दही लागतंय का ते बघायचं. २०२३ मध्ये या पद्धतीचा ११०० हून जास्त लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ते "विरजण" सापडलं. हा मोठाच टप्पा होता. पण विरजण आहे की नाही इतकंच त्यातून कळतं. दही किती घट्ट लागणार, किती दिवसांत लागणार, आणि मेंदूच्या कुठल्या भागात, हे त्यातून अजून सांगता येत नाही. आणि त्यासाठी कमरेत सुई घालावी लागते. हेच रक्तातून करण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

गटाचं सत्य आणि आपल्या माणसाचं

मुलाशी या मुद्द्यावर माझं सगळ्यात जास्त बोलणं झालं, म्हणून इथे थोडी थांबते.

समजा, एनएफएल कमी असलेले १०० रुग्ण आहेत आणि जास्त असलेले १००. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेते आहे. पहिल्या गटात पाच वर्षांत १० जणांना डिमेन्शिया झाला आणि दुसऱ्यात २५ जणांना. संशोधक म्हणतील, धोका अडीच पट. बातमीत मथळा येईल, "रक्तावरून डिमेन्शियाचं भाकीत". दोन्ही वाक्यं खोटी नाहीत. पण दुसऱ्या गटातल्या १०० घरांकडे बघा. त्यांतल्या ७५ घरांत पाच वर्षांत काहीच झालं नाही, आणि त्या ७५ घरांनी पाच वर्षं प्रत्येक हरवलेल्या चष्म्याला घाबरत काढली. पहिल्या गटातल्या ज्या १० घरांना "तुमचा आकडा चांगला आहे" असं सांगितलं होतं, त्यांची तयारीच झाली नाही.

लॅबमध्ये आम्ही रिपोर्टवर नॉर्मल रेंज छापायचो. ती रेंज कोणाच्या रक्तावरून ठरवली, हा प्रश्न इथे फार मोठा आहे. हे अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांवर झाले आहेत. आपल्याकडे मधुमेह जास्त, बी-१२ ची कमतरता जास्त, आणि या दोन्ही गोष्टी नसांवर परिणाम करतात. तिथला कट-ऑफ उचलून ठाण्यातल्या माणसाला लावणं मला पटत नाही.

आणखी एक धडा युरिक ॲसिडचा. पार्किन्सन्समध्ये ज्यांचं युरिक ॲसिड कमी असतं, त्यांचा आजार लवकर वाढतो असं दिसलं होतं. मग युरिक ॲसिड वाढवणारं इनोसिन हे औषध देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले: रक्तातला आकडा वाढला, आजाराचा वेग तोच राहिला. ती चाचणी मुख्यतः हालचालीच्या लक्षणांची होती. पण खूण म्हणजे कारण नव्हे, हे मला त्यातून जितकं स्पष्ट समजलं तितकं कुठल्या पुस्तकातून समजलं नसतं.

मग या तपासण्या निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. त्यांची खरी जागा आज औषधांच्या चाचण्यांत आहे. बुद्धीची घसरण कमी झाली का हे ठरवायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. राबिट कमी झालं का हे काही महिन्यांत कळू शकतं. एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या एका जनुकीय प्रकारावर टोफर्सन नावाचं औषध आहे. एप्रिल २०२३ मध्ये एफडीएने त्याला घाईची मंजुरी दिली, ती रक्तातलं एनएफएल घटलं या पुराव्यावर. पार्किन्सन्ससाठी असं काही येईल तेव्हा हीच मोजमापं वाट मोकळी करतील. म्हणून कोणी संशोधनासाठी रक्त मागितलं, परवानगीची कागदपत्रं नीट समजावून सांगितली, तर जरूर द्यावं. ह्यांनाही मी तेच म्हटलं आणि ते लगेच तयार झाले.

जनुकांच्या तपासणीबद्दल थोडक्यात. जीबीए-१ या जनुकातला बदल आणि एपीओई चा ई-४ प्रकार, दोन्हींत बुद्धीवर परिणाम होण्याची शक्यता वाढते. पण त्यांचा निकाल मुलांपर्यंत, भावंडांपर्यंत जातो. सगळ्यांशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

रक्त आज जे सांगू शकतं

इथे मला मनापासून कळकळीने लिहायचं आहे. पिकोग्रॅमच्या मागे लागताना आपण गल्लीतल्या लॅबमध्ये होणाऱ्या तपासण्या विसरतो, आणि बुद्धीच्या घसरणीतला जो भाग परत मिळवता येतो तो तिथेच सापडतो.

ह्यांचं बी-१२ काढलं तर १५८ आलं, म्हणजे कमी. आम्ही शाकाहारी. त्यातून ह्यांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, आणि ॲसिडिटीची गोळी कित्येक वर्षं. ही दोन्ही औषधं बी-१२ खाली आणतात. त्यात लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची भर. शरीरात लेव्होडोपाचं विघटन होताना होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो, आणि तो आटोक्यात ठेवायला बी-१२ आणि फोलेट लागतात. म्हणजे पार्किन्सन्सच्या माणसाला बी-१२ ची गरज इतरांपेक्षा जास्त, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी. इंजेक्शनं सुरू केल्यावर दोन महिन्यांत ह्यांचं लक्ष जरा टिकायला लागलं. सगळं परत आलं नाही. पण वर्तमानपत्राचं पान दोन बैठकांत संपवायचे ते एका बैठकीत संपवू लागले.

थायरॉइड, सोडियम, साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन हेही बघून घ्यावं. आणि बदल दोन-चार दिवसांत अचानक झाला असेल, तर तो पार्किन्सन्सचा मानूच नये. गेल्या गणपतीत ह्यांना हॉलच्या कोपऱ्यात माणसं बसलेली दिसायला लागली. रात्रभर बडबड, दिवसा झोप. आजार एकदम वाढला म्हणून मी रडले. निघालं लघवीचं इन्फेक्शन. अँटिबायोटिकवर आठवडाभरात ती माणसं गेली. अचानक गोंधळ म्हणजे इन्फेक्शन, सोडियम घटणं, बद्धकोष्ठ, नवीन औषध, नाहीतर पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, असा विचार आधी करायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

औषधांची यादीही तपासणीइतकीच महत्त्वाची. कंपासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल ही जुनी, स्वस्त गोळी ॲसिटिलकोलीन अडवते, म्हणजे आधीच कमी असलेल्या रसायनाचा परिणाम आणखी कमी करते. वयस्कर माणसाची बुद्धी त्याने धूसर होते. लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांचंही तेच. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल हे पार्किन्सन्समध्ये टाळायचे. ही नावं मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली आहेत, म्हणजे रात्री-अपरात्री हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर कागद हातात घेऊनच निघायचं. मात्र चालू असलेली कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

आणि सुई न टोचता कळणाऱ्याही गोष्टी आहेत. केंब्रिजच्या त्याच अभ्यासात पुढच्या डिमेन्शियाचा अंदाज देणाऱ्या खुणांमध्ये दोन अगदी साध्या होत्या: दीड मिनिटात प्राण्यांची नावं किती सांगता येतात, आणि एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन बघून काढता येतात का. झोपेत स्वप्नासोबत हातपाय झाडणं, वास न येणं, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणं, डोळ्यांपुढे माणसं किंवा प्राणी दिसणं, यांचंही वजन असतं. आमच्या डॉक्टरांनी ह्यांची मोका नावाची ३० गुणांची चाचणी मराठीतून घेतली. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल काढला, बाराही आकडे आठवणीने लिहिले, पण सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीने. मी शेजारी बसून पाहत होते. कुठल्याही रिपोर्टपेक्षा त्या कागदाने मला जास्त सांगितलं.

त्यानंतर रिव्हास्टिग्मिन सुरू झालं. ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारं हे औषध पार्किन्सन्समधल्या डिमेन्शियासाठी २००६ पासून अमेरिकेत मान्य आहे. ते घसरण थांबवत नाही, पण काही जणांना थोडी उसंत देतं. ह्यांना निदान डिमेन्शियाचं झालेलं नाही, त्याच्या अलीकडच्या पायरीचं आहे. तरीही भास आणि लक्ष न टिकणं पाहून डॉक्टरांनी ते कमी मात्रेत द्यायचं ठरवलं. सोबत रोज संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी, मोठ्याने मोजत पावलं टाकायची. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी काम करणारी पीडीएमडीएस ही संस्था आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशा ठिकाणी भेटणाऱ्या माणसांकडून घरातल्या युक्त्या मिळतात. पावत्यांची युक्ती मला अशाच एका काकूंनी सांगितली: कामाचे टप्पे करा, प्रत्येक टप्प्याचं वेगळं पाकीट करा आणि पाकिटांवर आकडे घाला.

मुलाला मी कळवलं की एनएफएल आपण आत्ता करत नाही. तो आकडा चढा आला तरी औषध तेच राहणार, आणि उतरता आला तरी तलावपाळीची फेरी चुकणार नाही. डॉक्टरांना निदानाबद्दलच शंका आली किंवा उपचार बदलण्यासाठी त्यांना तो हवा असला, तर लगेच करू. त्याऐवजी त्याने दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांबरोबर महिन्याचा हिशोब लावायचा, असं आमचं ठरलं आहे.

मी एक वही ठेवते, डॉक्टरांकडे जाताना न्यायला. गेल्या मंगळवारची नोंद अशी आहे: गोळी साडेसातला. नाश्ता नीट. दहा वाजता पाकिटं, सहापैकी पाच क्रमाने, चौथ्याला अडले पण विचारल्यावर स्वतःच सांगितलं. दुपारी झोप पाऊण तास. भास नाही. संध्याकाळी तलावपाळी, एक फेरी, गणपतीच्या देवळापाशी दोनदा थांबले. रात्री ह्यांनी विचारलं, टँकरचं बिल भरलं का. भरलं होतं, त्यांनीच सकाळी भरलेलं. पाकीट दाखवल्यावर आठवलं.